अर्धं पार्टिशन

आमच्या ऑफिसच्या पाटीवर पूर्वी साहेबांचं नाव आणि खाली 'वकील' एवढंच होतं. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी त्याला 'अँड असोसिएट्स' जोडायचं ठरवलं. वकिलाने जाहिरात करायची नाही आणि पाटीसुद्धा बेताचीच लावायची, हा बार कौन्सिलचा नियम. त्यामुळे पाटी तेवढीच राहिली आणि असोसिएट्सना जागा करून देण्यासाठी पेंटरने साहेबांचं आडनाव आकसून घेतलं. लांबून बघणाऱ्याला आता फक्त 'असोसिएट्स' दिसतं. असोसिएट्स म्हणजे मी, मॅडम आणि यंदाच सनद मिळालेला एक मुलगा. कारकून आप्पा यात धरायचे की नाहीत यावर साहेब काही बोलत नाहीत. आप्पाही बोलत नाहीत, पण स्वतःच्या खुर्चीला ते त्या दिवसापासून 'चेंबर' म्हणतात.

सांगलीजवळच्या आमच्या माधवनगरात 'फर्म' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सुताच्या गठ्ठ्यांचं दुकान उभं राहतं. बुधगावकर पटवर्धनांनी संस्थानी काळात वसवलेली ही पेठ. इथे कॉटन मिल होती, ती बंद पडली. यंत्रमाग आहेत, ते मात्र अजून खडखडतात. पाटी बदलल्याच्या पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी दारातूनच सुताचा भाव विचारला. आप्पांनी त्यांना बसवून पाणी दिलं, चौकशी केली आणि त्यांच्या न वटलेल्या चेकची नोटीस आमच्याकडून काढून घेतली. साहेबांचं म्हणणं, हा पाटीचा गुण. मला विचाराल तर आप्पांचा.

फर्म झाली म्हणजे फर्मसारखं वागायला हवं. साहेबांचा भाचा मुंबईत फोर्टातल्या एका मोठ्या फर्ममध्ये आहे. तिथे दर शुक्रवारी दुपारी 'इंटर्नल सेमिनार' असतो, कोणीतरी एखाद्या कायदेशीर मुद्द्यावर बोलतो, मग चर्चा होते आणि जेवण फर्मतर्फे असतं, असं त्याने मामाला सांगितलं. साहेब मुंबईहून परत आले तेव्हा त्यांच्या लक्षात जेवणाचा भाग सोडून बाकी सगळं होतं.

शिवाय कारणही तसंच घडलं होतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी उपोषणं केली, मोर्चे काढले, कोर्टाच्या कामावर बहिष्कार टाकले. यात वकिलांच्या दोन पिढ्या गेल्या. तोवर आमचं हायकोर्ट म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसचा वरचा बर्थ. "हायकोर्टात बघून घेतो" असं म्हटलं की समोरचा पक्षकार जरा दबकायचा. आता तो म्हणतो, "चला की, म्या बी तिकडंच निघालोय. अंबाबाईचं दर्शनबी हुईल." धमकी पन्नास किलोमीटरवर येऊन बसली की तिची सहल होते. साहेब म्हणाले, "हायकोर्ट जवळ आलं, आता अभ्यास वाढवला पाहिजे." आणि शनिवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता 'अंतर्गत कायदेविषयक चर्चासत्र' सुरू झालं.

यातल्या 'अंतर्गत' या शब्दाबद्दल आधीच खुलासा करतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. आमचं ऑफिस म्हणजे मुळात एक लांबट खोली. साहेबांच्या वडिलांनी मधे प्लायवूडचं पार्टिशन घालून तिच्या दोन खोल्या केल्या. आत वकील, बाहेर बाकड्यावर पक्षकार. पण छताचा पंखा एकच आणि तो नेमका मधोमध. त्यामुळे पार्टिशन सहा फुटांवर थांबवलं, म्हणजे पंख्याचा वारा दोन्हीकडे जातो. वाऱ्याबरोबर आवाजही जातो, हे वडिलांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांची हरकत नव्हती. त्यांच्या उलटतपासाच्या तालमी म्हणे बाकड्यावरचे लोक टाळ्या देऊन ऐकत.

पहिलं चर्चासत्र नव्या फौजदारी कायद्यांवर झालं. सादरकर्ता नवा मुलगा. त्याने मित्राच्या क्लासमधून प्रोजेक्टर आणला होता. पडदा नव्हता, भिंत होती, आणि भिंतीवर कॅलेंडर. ते काढायला आप्पांनी साफ नकार दिला. त्याच्या चौकटीचौकटींत त्यांनी पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या असतात आणि त्यांच्या मते तो ऑफिसचा मूळ दस्त आहे. त्यामुळे भारतीय न्याय संहितेची कलमं आम्ही महिन्याच्या पानावर वाचली. खुनाचं कलम १०३ संकष्टी चतुर्थीवर पडलं होतं आणि फसवणूक दुधाच्या हिशेबावर.

मुलाने तयारी चांगली केली होती. १८६० च्या दंड संहितेत ५११ कलमं होती, १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ३५८ आहेत, असं त्याने सांगितलं. मी सहज म्हणालो, "म्हणजे चारशेविसावं कलमच उरलं नाही." खोलीत शांतता पसरली. एवढा वेळ पाकिटं चिकटवत बसलेल्या आप्पांनी मान वर केली.

"मग चारशेवीस माणसाला काय म्हणायचं?"

"तीनशे अठरा, पोटकलम चार," मुलगा म्हणाला.

आप्पांनी पुटपुटून बघितलं. "अरे तीनशेअठरापोटकलमचार..." मग मान हलवली. "एवढं म्हणून होईस्तोवर माणूस कवठेमहांकाळला पोचतो."

ही चर्चा पाऊण तास चालली, आणि आमच्या सगळ्या चर्चासत्रांतली ती सर्वांत खोल चर्चा होती असं माझं आजही मत आहे. संसदेने कलम बदललं, पण राज कपूरच्या १९५५ च्या सिनेमाचं नाव कोण बदलणार? साहेबांनी समारोप केला की १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू, तेव्हा निदान वीस वर्षं दोन्ही पुस्तकं हाताशी लागतील. हे ऐकून आप्पा उठले, रद्दीच्या गठ्ठ्यातून जुना बेअर अॅक्ट काढला, फुंकर मारली आणि कपाटात परत ठेवला. सकाळीच त्यांनी तो रद्दीत घातला होता.

दुसऱ्या शनिवारी मॅडम इलेक्ट्रॉनिक पुराव्यावर बोलल्या. हा विषय म्हणजे महाराष्ट्राने देशाच्या कायद्याला दिलेली देणगी. २०१४ ची जालन्याची विधानसभा निवडणूक, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हे कॅमेऱ्यातल्या चित्रणावरून ठरवायचं होतं. त्या चित्रणाला कायद्याने लागणारं प्रमाणपत्र हवंच का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२० मध्ये निकाल लागला की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर हवंच. आता तेच प्रमाणपत्र नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं, आणि नमुन्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' भरायची असते, असं मॅडमनी सांगितलं.

आप्पांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "हॅश कुठल्या टेबलावर मिळतं? नाझरकडं का नकला विभागात?"

आम्ही हसलो. पण मला खात्री आहे, त्यांनी विजयनगरच्या कोर्टात जाऊन चौकशी केली असती तर कोणीतरी "साहेब जेवायला गेलेत, तीन वाजता या" असं सांगितलंच असतं.

मॅडमनी एका पक्षकाराचं उदाहरणही दिलं. भाऊबंदाने फोनवर दिलेल्या धमक्या त्याने रेकॉर्ड केल्या होत्या. एकवीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. त्यात एकोणीस मिनिटं दोघेही "आवाज येतोय का" असं विचारत होते आणि उरलेल्या दोन मिनिटांत धमकी आमच्याच पक्षकाराने दिली होती.

इथपर्यंत बरं चाललं होतं. पण तिसऱ्या शनिवारी चर्चासत्र अकरा मिनिटांत आटोपलं. चौथ्या शनिवारी नऊ. एकजण मुद्दा मांडायचा, बाकीचे "बरोबर आहे" म्हणायचे आणि मग सगळे भडंगाच्या कागदाकडे बघत बसायचे. साहेब अस्वस्थ झाले. मुंबईची माणसं दोन-दोन तास बोलतात म्हणे! शेवटी निदान मीच केलं. वकिलाला चर्चा करता येत नाही, वकिलाला भांडता येतं. समोर विरोधक नसेल तर आमची बुद्धी चालू होत नाही, जसा चढ लागल्याशिवाय काही गाड्यांचा दुसरा गिअर पडत नाही. विजयनगरला बाररूममध्ये चहा कोणी सांगायचा यावर जे वकील अर्धा तास युक्तिवाद करतात, त्यांना तुम्ही "मुदतीच्या कायद्यावर आपले विचार मांडा" म्हणालात की ते घड्याळ बघू लागतात.

मग साहेबांनी पद्धत बदलली. दर शनिवारी एक वाद घ्यायचा, एकाने वादी व्हायचं, एकाने प्रतिवादी, उरलेल्याने न्यायाधीश. आणि ऑफिसात जान आली. मॅडम हरकती घेऊ लागल्या. नवा मुलगा न्यायाधीश झाला की खुर्चीत दोन इंच वर बसायचा आणि "पुढे चला" म्हणायचा. आप्पांनी इतिवृत्त लिहायचं काम घेतलं. ते त्यांनी एका जुन्या रजिस्टरमध्ये, कोर्टाच्या रोजनाम्याच्या भाषेत लिहायला सुरुवात केली. एक नोंद मला पाठ आहे. 'वादीतर्फे मॅडम हजर. प्रतिवादीतर्फे वकील हजर, पण तोंडात भडंग असल्याने म्हणणे दिले नाही. सबब नो से. मा. न्यायाधीश फोनवर बोलण्यास बाहेर गेले. चहा आला.'

आमच्या कपाटात मुल्लांची पुस्तकं आहेत, दिवाणी प्रक्रियेवरचं आणि हिंदू कायद्यावरचं. सर दिनशा मुल्ला पारशी. हिंदू कायद्याची तत्त्वं त्यांनी लिहिली आणि मुसलमानी कायद्याचीही, आणि दोन्ही पुस्तकं कोर्टात आधाराला घेतात. हे मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही. दोन घरांचं भांडण नीट मांडायला तिसऱ्या घरचाच माणूस लागतो. हे ज्ञान मला ज्या शनिवारी झालं त्याची हकिकत आता सांगतो.

विषय होता शेतरस्ता. आमच्या भागात यावर कधीही बोला, शिळा होत नाही. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागायची, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत. वाटच नसेल आणि बांधावरून नवी मागायची असेल तर महसूल संहितेचं कलम १४३. हा आकडा ऐकला की नवा मुलगा दरवेळी खाली बघून हसतो. मोबाइलच्या भाषेत १४३ म्हणजे 'आय लव्ह यू', हे मला मॅडमनी समजावलं. भावाभावांच्या बांधाच्या भांडणाला कायद्याने नेमका हाच आकडा द्यावा! तिसरा मार्ग दिवाणी कोर्टाचा. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा म्हणतो की वाटणी झाल्यावर एकाच्या हिश्शाला दुसऱ्याच्या हिश्शातून जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर तो हक्क त्याला मिळतो.

साहेब म्हणाले, "आपल्याकडचीच एक केस घेऊ. नाव नको. पक्षकाराला 'क' म्हणू आणि त्याच्या भावाला 'ख'." मी 'क'तर्फे उभा राहिलो. वाटणीनंतर 'क'ची जमीन आत पडली. ट्रॅक्टर जायचा रस्ता 'ख'च्या बांधावरून. 'ख'ने तिथे काटेरी फांद्या टाकल्या. 'क'चं गाजर काढणीला आलेलं. गत्यंतर नाही, हा मुद्दा मी इतका घोळवून मांडला की मलाच गलबलून आलं.

मग मॅडम उठल्या. "वादीला ओढ्याच्या बाजूने दुसरी वाट आहे. लांबची आहे, पण आहे. अडचण म्हणजे गत्यंतर नसणं नव्हे, आणि सोय म्हणजे गरज नव्हे. वाट अडवली दिवाळीत, आज सहा महिने उलटून गेले. आणि बांधावरचं आंब्याचं झाड मागच्या पावसाळ्यात कोणी तोडलं, हे वादीने आपल्या वकिलांना सांगितलंय का?"

"सांगितलंय," साहेब रंगात येऊन म्हणाले. "त्यानेच तोडलं. भाऊ पंढरपूरला गेला होता तेव्हा." आणि मग साहेब स्वतःच 'ख'च्या बाजूने उभे राहिले. तीस वर्षांच्या वकिलीतला त्यांचा सगळ्यात उत्तम युक्तिवाद त्या दिवशी झाला. वडिलांनी दोघांसाठी लावलेलं झाड, धाकट्याने ते कापलं, थोरल्याने पोलिसांत न जाता नुसत्या काट्या टाकल्या. काट्या म्हणजे अडथळा नव्हे, तो रुसवा आहे, असं ते म्हणाले तेव्हा न्यायाधीशाच्या खुर्चीतल्या मुलाने डोळे पुसले आणि दावा खर्चासह फेटाळला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांचा आवाज पार्टिशनच्या पलीकडूनही आला.

बाहेर बाकड्यावर चारजण बसले होते. त्यांतले तिघे टाळ्या वाजवत होते. चौथे कवलापूरचे आबा. मांडीवर गाजरांची पेंडी, पाल्यासकट. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते एकटक पार्टिशनच्या वरच्या कडेकडे बघत होते, जणू तिथून अजून काहीतरी खाली येईल.

"वकीलसाहेब," ते मला म्हणाले, "त्यो 'क' म्हंजे म्याच न्हवं?"

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. हा फक्त सराव असतो, प्रत्यक्ष कोर्टात आम्ही तुमच्याच बाजूने...

"न्हाई न्हाई, मॅडमचं बराबर हाय," आबा म्हणाले. "मलाबी रातच्याला आसंच वाटायचं. पर कुनाला सांगनार? तुमी तर दर बारीला म्हनायचा, आपली बाजू भक्कम हाय." मग त्यांनी पेंडी बाकड्यावर ठेवली. "ही तुमच्यासाठी आनली हुती. आता मॅडमना द्यावी का तुमाला, त्ये तुमीच ठरवा."

त्यावरही चर्चा झाली, ती मी सांगत नाही. गाजरं आप्पा घरी घेऊन गेले.

महिन्याभराने आबा कागद परत न्यायला आले. बरोबर थोरला भाऊ. दोघांनी मिळून बांधावर आंब्याचं नवं कलम लावलं होतं आणि ट्रॅक्टर चालू झाला होता. साहेबांनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं आणि ते गेल्यावर फीच्या वहीत ती ओळ आडवी खोडली. तडजोड हा समाजाच्या हिताचा मार्ग आहे असं साहेब लोकअदालतीच्या भाषणात नेहमी सांगतात. त्या भाषणात आणि त्या खोडलेल्या ओळीत फरक एवढाच की भाषणात हात थरथरत नाही.

बातमी मात्र पसरली. पुढच्या शनिवारी पाच वाजता बाकड्यावर जागा नव्हती. कवलापूर, बुधगाव, बिसूर, कुठून कुठून माणसं. काम काहीच नाही. "शनवारी ऐकायला मिळतंय म्हनं" म्हणून आलेली. एकाने समोरच्या पार्टीलाही बरोबर आणलं होतं, दोघांनी मिळून एक भडंगाची पुडी घेतली होती. साहेबांना घाम फुटला. पक्षकाराची गोपनीय माहिती बाहेर जाणं ही साधी गोष्ट नाही, त्याबद्दल ते आमच्यावर आणि स्वतःवर मनापासून चिडले. पण मला वाटतं, दुसरी एक भीतीही त्यात होती. असेच सगळे दोन्ही बाजू ऐकू लागले तर आमची अख्खी दिवाणी बाजू गाजराची पुंगी. वाजेल तोवर वाजेल, मग पक्षकारच मोडून खातील.

सोमवारी सुताराला बोलावलं. पार्टिशन छतापर्यंत न्यायचं. सुताराने स्टूल घेतलं, वर चढून टेप लावला आणि म्हणाला, "पंखा आडवा येतोय."

मग आत बसून विचार सुरू झाला. पंखा साहेबांच्या खोलीत ओढायचा म्हटलं तर मॅडम म्हणाल्या, बाहेरच्या बाकड्याला गेली चाळीस वर्षं वारा आहे, वीस वर्षांच्या अखंड वापराने हवेचा सुविधाधिकार तयार होतो, कलम १५. मी म्हणालो, पक्षकार हा परवानगीने बसलेला, त्याला कसला अधिकार? साहेब म्हणाले, मुळात पंखा ही अविभक्त मालमत्ता, तिचं पार्टिशन होऊ शकत नाही, विकून पैसे वाटावे लागतील. नवा मुलगा न्यायाधीशाच्या खुर्चीकडे सरकला. सुतार स्टुलावर टेप धरून उभाच होता. सोमवार असूनही आम्ही चांगले रंगलो होतो. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी घसा खाकरला.

"मधी बोलतोय, माफ करा," आवाज आला. "पर पंख्याचं बटन कुनाच्या बाजूला हाय, त्ये कुनी बघिटलंय का?"

कोणी बघितलं नव्हतं. आप्पांनी रजिस्टर उघडलं, सोमवारची तारीख घातली आणि लिहिलं, 'त्रयस्थ हजर. म्हणणे विचारात घेण्याजोगे.'